ओळंब्यावरचा आळ

मित्रांनो, या जगात सरळ असं एकच काय ते उरलं आहे, आणि ते म्हणजे मी. बोलायला मोठा, पण आहे गाजराएवढा, आणि लटकतो सुतळीला. मी एक जुना पितळी ओळंबा आहे. गवंडी मला भिंतीवरून दोरीने खाली सोडतो आणि भिंत कलली असेल तर मी ते दाखवून देतो. त्यामुळे भिंतींशी माझी मैत्री कधी जमली नाही.

माझा धनी निकोला. इटलीतल्या खेड्यातून तो अमेरिकेला निघाला, तेव्हा त्याने मला मोज्यात लपवलं. बोटीवर चोर असतात, असं त्याला वाटत होतं. पुढे फ्रीमाँटमध्ये आम्ही घरं, पायऱ्या, धुराडी बांधली. लोक वाहवा करायचे. निकोलाला त्या वाहवेचाही संशय यायचा. "गोड बोलतोय, म्हणजे पायरी फुटली असणार," म्हणायचा आणि जाऊन पाहून यायचा.

१९९४ साली शेजारच्या हेमचंद्र आणि शोभना या नागपूरकडच्या जोडप्याने दोघांच्या अंगणांच्या मधे विटांची भिंत बांधायला त्यालाच सांगितलं. त्यांची छोटी प्रणिता तिथेच वाळूत खेळायची. शोभना निकोलाला 'अंकल' म्हणे.

"आसुंता, मी हिचा अंकल कधी झालो?" त्याने बायकोला विचारलं. "काहीतरी फुकटात करून घेणार ही."

भिंत खांद्याएवढी झाली. निकोलाने मला सोडलं, वाकून पाहिलं, डोळे चोळले. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण सांगणार कोण? भिंत शेजाऱ्यांच्या अंगणाकडे चांगलीच झुकली होती.

"ओळंबा बिघडलाय," निकोला म्हणाला. "पाच वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या भूकंपापासून हा नीट लटकत नाही."

मित्रांनो, त्या भूकंपात धुराडी कोसळली. मी नुसता हललो होतो. तरी आळ माझ्यावर.

"सरळ आहे रे भिंत," आसुंता म्हणाली.

"एकदम सरळ, पप्पा," मुलगा रेनातो म्हणाला.

निकोलाने दोघांकडे रोखून पाहिलं. "या घरात मिठावर एकमत होत नाही. आज भिंतीवर बरं झालं?"

त्याने हेमचंद्रला बोलावलं. वडीलधाऱ्याला तोंडावर चूक कसं म्हणायचं? "परफेक्ट आहे, अंकल," हेमचंद्र म्हणाला.

"अहो, परफेक्ट काय?" शोभना मराठीत कुजबुजली. "प्रणिता खेळते तिथे."

"हळू बोल. वाईट वाटेल त्यांना."

"आणि भिंत पडल्यावर चांगलं वाटेल?" ती पुढे झाली. "अंकल, एक विचारू? एक दोरी नि एक वजन. ओळंब्यात बिघडण्यासारखं आहे काय?"

निकोलाने मला पुन्हा भिंतीवरून खाली सोडलं. मग दोरीचं वरचं टोक त्याने तिच्या हाती दिलं. "तू धर."

डोळे मिटून तो दोरीवरून हात खाली नेत गेला. वर दोरी विटेला टेकली होती. खाली दोरी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत त्याची तीन बोटं गेली. त्याने पुन्हा करून पाहिलं, कारण बोटांवरही त्याचा भरवसा नव्हता.

"म्हणजे दिसत नव्हतं ते मला एकट्यालाच," तो आसुंताला म्हणाला.

"सांगितलं असतं तर काम सुटलं असतं तुझं. मग घरात बसून माझ्या भांड्यांवर संशय घेतला असतास."

"रेनातो, हातोडा आण. सिमेंट ओलं आहे तोवर पाडून टाकू."

डोळ्यांचं ऑपरेशन झालं. बापलेकांनी भिंत नव्याने बांधली आणि प्रणिता पुन्हा वाळूत खेळू लागली. नव्या नजरेच्या भरात निकोलाने मला स्वतःच्या घराच्या भिंतींना लावून पाहिलं. हे घर त्याने भर तारुण्यात, तेज डोळ्यांनी बांधलं होतं. एकही भिंत सरळ निघाली नाही. त्याने मला गुंडाळलं. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

मित्रांनो, तोंडावर खरं सांगणाऱ्यावर संशय घेऊ नका. त्याला जपा. आता रेनातोकडे भिंतीवर सरळ लाल रेघ पाडणारं यंत्र आहे. मला आसुंताने न्हाणीघराच्या पडद्याला वजन म्हणून बांधलं आहे. माझी तक्रार नाही. फक्त इथे आंघोळीला आलात, तर डोक्याला साबण लावताना तेवढं जरा पलीकडे तोंड करून उभे राहा; फेस माझ्यावर उडतो.