उन्हाच्या चार पुड्या

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आनंदाबाईंना रुग्णवाहिकेत चढवलं. त्यांना धाप लागली होती, ओठ निळसर पडले होते. मी फळीवर होतो.

मित्रांनो, मी वडनेरच्या एका घरातला जुना पत्र्याचा डबा आहे. हिंगणघाटच्या कारागिराने तेलाच्या पिप्यातून मला कापलं आणि ठोकून आकार दिला. आनंदाबाई वीस वर्षं माझ्यात गव्हाचे वाळवलेले सरगुंडे ठेवत. यात मुंगी शिरत नाही, असं शेजारणींना सांगत. पुढे प्लास्टिकच्या बरण्या आल्या आणि माझ्या वाट्याला औषधं आली.

गुडघे गेल्यापासून आनंदाबाई दोन वर्षं मधल्या खोलीतच होत्या. डिसेंबरात रक्ताचा अहवाल आला. ड जीवनसत्त्व फार कमी होतं. डॉक्टरांनी दिलेल्या चार पुड्या घेऊन गावची आशाताई, म्हणजे आरोग्य कार्यकर्ती, कोकिळा आली.

"काकू, मोड आलेल्या मुगावानी पांढऱ्या झाल्या तुमी. अंगणात बसत जा. अन् ह्या उन्हाच्या पुड्या. दर रविवारी एक, दुधात."

हे जीवनसत्त्व हाडांना लागतं, विषाणूंशी झगडायला फुप्फुसांनाही मदत करतं, हेही तिने सांगितलं.

चूक एका शब्दाची झाली. उन्हाळ्यात ऊन लागू नये म्हणून कोकिळा मीठ-साखरेची पाकिटं वाटते. गावात त्यांनाही उन्हाची पुडीच म्हणतात. ती गेल्यावर आनंदाबाई सुनेला, वर्षालीला, म्हणाल्या, "हिवाळ्यात कोणाले ऊन लागते बाप्पा? ठेव डब्यात. वैशाखात कामी येतील."

शेजारी चष्मा लावून पेपर वाचणाऱ्या सासऱ्यांनी, बबनरावांनी, मान डोलावली. वर्षालीने ठेवल्या. माझं झाकण घट्ट बसतं. त्याचा मला अभिमान होता.

जानेवारीत घरात सर्दी आली. वर्षालीला झाली, तीन दिवसांत गेली. बबनरावांना झाली, तीही गेली. आनंदाबाईंची मात्र छातीत उतरली.

वर्ध्याच्या दवाखान्यात तपासणीत इन्फ्लुएंझा निघाला. पुड्या घेतल्या होत्या का, असं डॉक्टरांनी विचारलं. बबनरावांनी घरी फोन केला. वर्षालीने झाकण काढून पाहिलं. चारही तशाच होत्या. घेतल्या असत्या तर हे टळलं असतं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. कमतरता असली की शरीर लढताना कमी पडू शकतं, एवढंच म्हणाले.

बबनरावांनी हे फोनवर वर्षालीला सांगितलं. मग म्हणाले, "चष्मा तं लावूनच होतो मी. एकदा वाचून पाह्यलं असतं."

मित्रांनो, डब्याला वाचता येत नाही. तुम्हाला येतं. औषध ठेवण्याआधी पाकिटावरचं वाचा. नाही समजलं तर विचारा.

आज रविवार. दुपारी चारच्या फोनप्रमाणे ऑक्सिजन सुरू आहे, ताप उतरलेला नाही. चार पुड्या माझ्यात आहेत. वर्षालीने झाकण लावलेलं नाही.