दोनदा दिलेला रंग

एकूण ऐंशी चित्रं होती. त्रेपन्न पुरी, सत्तावीस अर्धवट. गौरवीने पलंगावर पडल्या पडल्या पुन्हा मोजलं, आकडे तेच आले.

हातात मावणारा तो गेम बाबांनी वास्कोला एका खलाशाकडून जुना घेतला होता, धाकट्या विनायकसाठी. पडद्यावर चौकोनांची जाळी असायची आणि कडेला रंगीत आकडे. लाल तीन म्हणजे त्या ओळीत सलग तीन चौकोन लाल. एकाच रंगाचे दोन गट असले, तर मध्ये निदान एक चौकोन रिकामा सोडायचा. रंग वेगळे असले, तर गट चिकटले तरी चालतात. चौकोन बरोबर भरले की चित्र उमटायचं, कधी खेकडा, कधी कंदील.

बाबा गेले ते गणेश चवथीच्या आधी. ते बार्जवर होते, सुर्ल्याच्या धक्क्यावरून खनिज मुरगावला न्यायचे. ते गेल्यापासून गौरवी डिचोलीच्या प्रयोगशाळेत गेली नव्हती. तिथे ती खनिजातलं लोखंड मोजायची. तिला रडू आलं नव्हतं. आई पेज आणून ठेवायची, ती खायची. मीठ पुरेसं होतं का, हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एका दुपारी उशाशी हा गेम सापडला, म्हणून तिने तो सुरू केला. विचार करावा लागत होता, पण काही वाटून घ्यावं लागत नव्हतं, हे तिला सोयीचं होतं.

त्रेपन्न चित्रं विनायकनेच सोडवलेली होती. मग तिने त्याने टाकून दिलेली उघडली.

पहिल्यात एका ओळीत लाल दोन आणि हिरवे तीन लागून हवे होते. त्याने मध्ये एक चौकोन सोडला होता, आणि पुढची सगळी ओळ एका घराने सरकून चित्र बिघडलं होतं. घाईत झालं असेल. दुसऱ्यातही तसाच चौकोन सोडलेला. तिसऱ्यात दोन ठिकाणी. निळ्या आणि पिवळ्याच्या मध्ये मात्र त्याने कुठेही जागा सोडली नव्हती. मग ती उठून बसली आणि तिने सगळी तपासली. सत्तावीसच्या सत्तावीस अर्धवट चित्रांत लाल आणि हिरवा शेजारी शेजारी होते. पुऱ्या झालेल्या त्रेपन्नांत हे दोन रंग एकत्र कुठेच नव्हते.

संध्याकाळी विनायक आला. तो सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवायचा, घरी यायचा तेव्हा कानाच्या पाळीपर्यंत तांबडी धूळ.

"ताई, माझीं सुद्धा सोडवलंस?"

"तू हीं अर्धीं कित्याक टाकलंस?"

"बोगस आसत तीं. चार रंग म्हणतत आणि एकच रंग दोनदा देतत. फसवलां कंपनीन."

"खंयचो?"

त्याने अंगठा आधी लालवर टेकवला, मग हिरव्यावर. "ह्यो आणि ह्यो. मातयेचो रंग."

आई स्वयंपाकघरातून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "दादूचो भाचो शोभतस! त्याका भिरंडां काढूक धाडलेलो, तर अर्धीं कच्चीं घेऊन इलो. कामचोर खंयचो!"

दादूमामा पेडण्याला असतो. कोकमाच्या त्या कच्च्या फळांवरून तो अजून सगळ्यांची बोलणी खातो. रंग न ओळखता येण्याचा दोष असाच उतरतो, मामाकडून भाच्याकडे, मधल्या आईला न शिवता. हे गौरवी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकली होती, वंशावळीच्या आकृतीतले चौकोन-वर्तुळं पेन्सिलीने काळे करत.

दत्ताराम काकांनी, बाबांच्या जुन्या सोबत्याने, विनायकसाठी वास्कोला जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर डेकचं काम बघितलं होतं. सोमवारी वैद्यकीय तपासणी. शनिवारी ट्रकची चावी मालकाला परत द्यायची, कारण बेळगावहून आलेला एक ड्रायव्हर त्या ट्रकची वाटच बघत होता. बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. रात्री समोरची बोट येते आहे की जाते आहे, ते त्या दोन दिव्यांवरूनच ओळखायचं.

आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, असं गौरवीला समजत होतं. वजनकाट्यावर नमुना ठेवावा आणि आकडा शून्यावरून हलू नये, तसं आत झालं होतं. सोमवारी डॉक्टर सांगतीलच, तिने मनाशी म्हटलं. गप्प राहायला काहीच कष्ट नव्हते. गुरुवार तसाच गेला. पण सोमवारपर्यंत ट्रकही गेलेला असेल, हा हिशेब काही केल्या बदलत नव्हता.

शुक्रवारी विनायक हातपाय धुऊन जेवायला बसला, तेव्हा ती म्हणाली, "चावी उद्या देऊ नको."

"कित्याक?"

"तुका लाल आणि हिरवो वेगळे दिसनत नाय."

तो हसला. "आता तुझ्या डोक्यार परिणाम झालो. पाच वर्सां गाडी चालवतंय मी! सिग्नल दिसता माका."

"वयलो खंयचो?"

"तांबडो."

"सकयलो?"

"हिरवो. मगे?"

"आणि सिग्नल आडवो टांगलेलो असलो तर?"

विनायकने भात कालवायचं थांबवलं. आईने आमटीची पळी भांड्यात परत ठेवली.

"बाबा माका बार्जीवरसून दिवे दाखवीत," तो म्हणाला. "मी सगळे बरोबर सांगी."

"डावो-उजवो बघून सांगी होतंस."

तो उठला. ताट तसंच ठेवून अंगणात गेला आणि ट्रकच्या पायरीवर बसला. परत आला तेव्हा म्हणाला, "तुका रडूक येवक नाय बाबांच्या वक्ताक. आता माझी नोकरी घालवतंस, तां सुद्धा कोरड्या तोंडान."

"होय," गौरवी म्हणाली. "सकाळी म्हापशाक जावया. डोळ्यांच्या डॉक्टराकडे. तो म्हणालो बरोबर आसा, तर परततानाच चावी दी."

आईने दोघांपैकी कोणाकडेच पाहिलं नाही. तिने विनायकच्या ताटावर दुसरं ताट झाकलं.

शनिवारी ते ट्रकनेच गेले. डॉक्टरीण बाईंनी जाड पानांचं एक पुस्तक खिडकीच्या उजेडात धरलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचं एक वर्तुळ आणि त्या ठिपक्यांत लपलेला आकडा.

"बारा," विनायकने पहिलं पान झटकन वाचलं आणि मागे वळून बहिणीकडे बघितलं.

दुसऱ्या पानाला तो पुढे वाकला. त्याचा हात खिशात होता, खिशातल्या चावीवर. बाईंनी पान उलटलं, मग पुढचं. गौरवी भिंतीकडच्या खुर्चीवर बसून मोजत होती.

पंधरा पानं. बरोबर वाचलेली तीन.