पुढचं पान

माझ्या धाकट्या बहिणीच्या, मालूच्या लग्नाचा मांडव आम्ही सोडत होतो, तेव्हाच पाळकसाहेबांनी चर्चची किल्ली लोटूदादाच्या हातावर ठेवली. छप्पन्न सालचा नोव्हेंबर. राज्यांच्या सीमा नुकत्याच बदलल्या होत्या. वऱ्हाड मुंबईकडं गेलं, आमचं बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं. साहेबांना वऱ्हाडात बोलावलं होतं आणि त्यांच्या जागी कोणी येणार नव्हतं.

“दर रविवारी दार उघडायचं, लोटू. माणसं किती आली ते बघायचं नाही.”

“उघडीन, साहेब.”

लोटूदादा लोधीपुऱ्यात माझ्या शेजारच्या मागावर विणायचा. चर्च तिथून लांब, लालबाग वस्तीत. दर रविवारी तो पायी जाई, झाडून काढी, घंटा वाजवी आणि शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून खड्या आवाजात पाठ म्हणे. बदल्या होत होत पंधरा माणसांची मंडळी नऊवर आली, पण घंटा चुकली नाही.

एका शनिवारी दुपारी मी त्याच्याकडं मागाचा धोटा मागायला गेलो. त्याची बायको सोजरबाई शास्त्र वाचत होती आणि लोटूदादा सुताच्या कांड्या भरता भरता तिच्यामागून एकेक ओळ म्हणत होता. मला पाहून गप्प झाला.

“मले वाचता येत नाही, भाऊ. कोणाले सांगू नको.”

“मले तरी कुठं येतं?”

सोजरबाई हसली. “घ्या, जोडी जमली! बस, चहा ठेवते.”

भीती होती ती पोस्टातल्या मधुकरची. “ज्याला वाचता येतं त्यानंच किल्ली ठेवावी,” तो उघड म्हणायचा. “नाहीतर कुलूप लावू आणि खंडव्याच्या मंडळीत नावं घालू.” तो स्वतः दोन महिन्यांतून एकदा यायचा.

दोन वर्षांनी सोजरबाईनं अंथरूण धरलं. एका शनिवारी तिनं हरवलेल्या मेंढराचा पाठ घेतला. शंभरातलं एक मेंढरू चुकतं, धनगर बाकीची सोडून शोधायला निघतो, इथवर वाचलं आणि खोकला आला. “उरलेलं सकाळी वाचते,” म्हणाली.

पहाटे ती गेली.

बायका तिला न्हाऊ घालायची तयारी करत होत्या. लोटूदादानं खुंटीवरची किल्ली काढली.

“अरे, बाई घरात पडली आहे! आज कुठं चालला?” मी म्हणालो.

“दार उघडायचं आहे.”

मला त्याचा राग आला. तरी मी त्याच्याबरोबर गेलो.

त्यानं झाडून काढलं. घंटा वाजवली. नेमका त्या दिवशी मधुकर आला होता. लोटूदादानं शास्त्र उघडून पाठ सुरू केला. धनगर शोधायला निघाला, इथवर म्हणून लोटूदादा थांबला.

“पुढं वाचा की,” मधुकर म्हणाला.

“मले वाचता येत नाही, मधुकर. ती वाचायची. इतकंच वाचलं तिनं.” त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. “पुढलं मले ठावं आहे. पण ते तिनं वाचलं नाही.”

मग पुढच्या बाकावरची म्हातारी धुरपदाबाई बोलली.

“उचल ती किल्ली. आमाले पहिल्यापासून ठावं आहे. एवढे लांब लांब पाठ म्हणला, पान कधी उलटलं का तू?” मग ती मधुकरकडं वळली. “तू येशील का रे दर रविवारी? बोल ना!”

लोटूदादानं किल्ली उचलली.

त्या हिवाळ्यात, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मी पाटी घेतली. लोटूदादाही बसला, पण त्याच्या डोळ्यांना अक्षर दिसेना. वर्षभरानं शनिवारी दुपारी मी अडखळत वाचू लागलो आणि तो कांड्या भरत माझ्यामागून म्हणू लागला. मी कुठलाही पाठ काढला तरी त्याला चाले. मेंढराचा तेवढा काढला की म्हणे, “तो राहू दे.”

पुढं एका रविवारी दार मी उघडलं. झाडलं, घंटा वाजवली. चौघं आली होती. मी तोच पाठ काढला. मेंढरू सापडतं ते पुढच्या पानावर होतं. मी पान उलटलं.

लोटूदादा आदल्या दिवशी, शनिवारी, १५ फेब्रुवारी १९६४ रोजी दुपारी वारला होता.