दाण्याएवढी जागा

मित्रांनो, मी एक जुना काळा पुठ्ठा आहे. मला पाहून तुम्ही म्हणाल, याच्याकडे सांगण्यासारखे काय असणार? पण मी माणसाच्या शेजारी तोच माणूस उभा केला आहे!

१९८४ साली अंधेरीच्या एका छोट्या स्टुडिओत कुंदाताईने एका पुठ्ठ्याचे ब्लेडने दोन तुकडे केले. डावा मी, उजवा माझा जोडीदार. सिनेमाच्या कामात आम्हाला मॅट म्हणतात. फिल्मवर जिथे उजेड पडतो तिथेच चित्र उमटते. मी भिंगासमोर उभा राहून डावी बाजू झाकतो. उजवीकडे चित्र उमटते, डावीकडची फिल्म कोरी राहते. मग फिल्म उलटी गुंडाळून सुरुवातीला आणायची, मला काढायचे आणि जोडीदाराने उजवी बाजू झाकायची. कोऱ्या जागेत दुसरे चित्र! फिल्म धुतल्यावर सांधा शोधूनही सापडत नाही.

आमचे पहिलेच काम जुळ्या भावांचे. दोन्ही भाऊ धोंडू नावाचा नट करणार होता. थोरला मिशीवाला, धाकटा सफाचट. कॅमेरा कुंदाताईचा भाऊ श्यामकांत चालवणार होता. त्याने खोटी मिशी सुचवली, तर धोंडू म्हणाला, "घरची असताना बाजारची कशाक?"

दसऱ्याचा मुहूर्त ठरला. सकाळी कुंदाताईने कॅमेऱ्याची, कात्रीची, ब्लेडची पूजा केली. मीही हत्यारच की! मलाही ओले कुंकू लागले, अक्षता पडल्या. मी असा फुशारलो! तसाच भिंगासमोर चढलो. धोंडूने थोरल्याचे काम झकास केले आणि लगेच समोरच्या सलूनमध्ये जाऊन मिशी उतरवून आला.

श्यामकांतने मला काढले आणि त्याचा चेहरा उतरला. माझ्या कडेवर, कुंकवात, तांदळाचा एक दाणा चिकटला होता. अर्धा बाहेर डोकावत होता.

"कुंदे, हे बघ. या दाण्याने उजवीकडची एवढी जागा झाकली. आता जोडीदारही तीच झाकणार. तिथे उजेड पडणारच नाही. थोरल्याच्या नाकासमोर काळा ठिपका!"

"मग परत घ्या," धोंडू म्हणाला.

"मिशी कुठाय?"

धोंडूने ओठावर हात फिरवला. "सलूनात. झाडून टाकली नसतली तर घेवन येतंय."

श्यामकांत नखाने दाणा उडवणार, तोच कुंदाताईने त्याचा हात धरला.

"थांब ना दादा. दाणा गेला तर जागा कशी कळणार?"

तिने मला जोडीदाराच्या कडेला कड लावून, दाणा त्याच्यावर येईल असे बेताने ठेवले, दाण्याभोवती पेन्सिल फिरवली आणि ब्लेडच्या टोकाने जोडीदाराच्या कडेला तेवढीच खाच पाडली. मी झाकले, ते तो उघडे ठेवणार! मी टेबलावर पडून पाहत होतो. कॅमेरा फिरू लागला, तसा माझा दाणाही थरथरला असावा.

सिनेमा मुलुंडच्या एका सोसायटीच्या मैदानात, पडद्यावर दाखवला. कुंदाताईने आम्हा दोघांना पिशवीतून नेले होते. जुळे भाऊ समोरासमोर भांडू लागले. ठिपका नाही, रेघ नाही! पुढच्या खुर्चीवर धोंडूची आई बसली होती.

"धोंड्या, मिशयेवालो तू, माझो झील. दुसरो कोणाचो?"

"आये, तोव तुझोच."

अख्खे मैदान हसले. मग श्यामकांतने आम्हाला हातात धरून मुलांना सगळी युक्ती समजावली.

पुढे आम्ही कितीतरी जोड्या जमवल्या. मंद उजेडात एकावर एक चित्र घेऊन भिंतीतून भूतही काढले. मग नवी यंत्रे आली आणि आम्ही कपाटाच्या तळाशी गेलो. एकदा झाडलोट करताना कुणीतरी माझा दाणा खरवडायला घेतला होता. कुंदाताई ओरडली, म्हणून वाचलो.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुनी वस्तू पुसण्याआधी विचारा, हा डाग कसला? आणि जोडीतली एक फेकू नका. विश्वास नसेल तर आम्हा दोघांना कडेला कड लावून उन्हात धरा. मधून उजेडाची एक रेघ जरी आली, तर खुशाल मला रद्दीत घाला.