बरोबरी पुरणार नाही

शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांनी सरावाच्या मैदानावरची गोलची जाळी घरी आणली होती आणि चार खुर्च्यांवर पसरून ते ती सुतळीने सांधत बसले होते. लेक वाकून जाळीखालून शेगडीपर्यंत पोचली.

"मासेमारी सुरू केलीत वाटतं," ती म्हणाली.

"मोठा मासा लागला की सांगतो," बाबा म्हणाले आणि दाताने सुतळी तोडली.

छापखान्याने बाबांना केव्हाच निवृत्त केलं होतं. छापखान्याच्या फुटबॉल संघाने मात्र सोडलं नव्हतं. अजून तेच पोरांना पळवायचे, तेच रागवायचे. आणि लेक होती शहराच्या बाद पद्धतीच्या फुटबॉल स्पर्धेची चिटणीस. एकाच घरात कोंबडीही आणि कोल्हाही, असं बाबा चारचौघांत म्हणायचे. कोण कोणता ते मात्र सांगायचे नाहीत.

यंदाचे नवे नियम तिनेच लिहिले होते. गेल्या वर्षीच्या पहिल्या चार संघांना मानांकन. पहिल्या फेरीत त्यांची आपापसांत गाठ नाही, आणि सामना त्यांच्याच मैदानावर. बरोबरी झाली तर जादा वेळ नाही, पेनल्टी नाही, मानांकित संघ सरळ पुढे. त्यामागे कारण होतं. गेल्या वर्षी एका लहान संघाने अकराच्या अकरा माणसं गोलसमोर भिंतीसारखी उभी करून दोन सामने पेनल्टीवर काढले होते आणि लोक मध्यंतरातच उठून गेले होते. बरोबरी पुरणार नाही म्हटलं की लहानांना पुढे यावंच लागेल, असा तिचा हिशेब होता.

बाबांना तो पटत नव्हता. लहान पुढे येईल हे कबूल, पण मोठ्याचं काय? बरोबरी होताच तो आयत्या बिळावर नागोबा होऊन बसेल. त्यापेक्षा सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत टाका. पहिल्याच दिवशी दोन मोठे भिडले तर भिडू देत. ती म्हणाली, मग अंतिम सामना बघायला कोण येणार? बाबा म्हणाले, अंतिम सामन्यात कोण असेल ते आधीच माहीत असलं तर तो बघायला तरी कोण येणार? चहा निवेपर्यंत हे चाललं. शेवटी बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. ती स्पर्धेच्या कामात पडल्यापासून प्रत्येक स्पर्धेआधी, प्रत्येक सामन्याआधी ते हेच विचारायचे.

"ते राहू दे. कोण जिंकावं असं वाटतं तुला?"

"चिटणीसाला काही वाटत नसतं, बाबा."

"बरं," ते हसले. "वाटणंसुद्धा नियमात बसवा एकदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले. माणसं येऊन बसू लागली, खुर्च्या लागल्या, तेव्हा कुणीतरी जाळी गोळा करून कोपऱ्यात ठेवली. एका बाजूचं भोक तसंच राहिलं होतं.

पुढे चिठ्ठ्या निघाल्या. गतविजेत्या बँकेच्या संघासमोर, बँकेच्याच मैदानावर, छापखाना. समितीतल्या एकाने हळूच सुचवलं की तिने त्या दिवशी घरीच थांबावं. ती गेली.

पदाधिकाऱ्यांच्या रांगेत ती हात मांडीवर ठेवून बसली. छापखान्याची पोरं पहिल्या मिनिटापासून पुढे धावली. भिंत नाही, वेळकाढूपणा नाही. तिचा हिशेब बरोबर होता. पण पुढे धावणाऱ्याची पाठ उघडी पडते. बँकेने नेमकी तीच संधी साधून मध्यंतराआधी गोल केला. मध्यंतरात कुणीही उठून गेलं नाही.

उत्तरार्ध सरत आला असताना छापखान्यात बाइंडिंग करणाऱ्या पोराने, पायात पाय अडकत असतानाच, चेंडू जाळ्यात ढकलला. एक-एक. तिचा उजवा हात वर निघाला होता. डाव्या हाताने तिने तो धरून खाली बसवला.

आणि मग बँक थांबली. चेंडू मागे, मागून बाजूला, पुन्हा मागे. बाहेर गेलेला चेंडू आत फेकायला निघालेला खेळाडू पाहुण्यासारखा चालत होता. फलकावर बरोबरी होती आणि छापखाना हरत होता. बाबांचाही हिशेब बरोबर होता. दोघांचंही खरं निघालं होतं, आणि हे तिला ज्यांना सांगायचं होतं, ते ऐकायला उरले नव्हते.

शेजारी बसलेले बँकेचे व्यवस्थापक घड्याळाकडे बघत होते. मैदानाभोवतीची माणसं मात्र उभी होती, बँकेची आणि परकीसुद्धा, आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

शेवटच्या मिनिटाला छापखान्याला कॉर्नर मिळाला. गोलकीपर, ज्याला सगळे कुलूप म्हणायचे, आपला गोल उघडा टाकून सगळं मैदान पार करत धावत आला. चेंडू वळत आला. कुलपाने सगळ्यांच्या वर उडी घेतली, डोकं लागलं, चेंडू खाली आपटून रेषेकडे गेला, आणि बँकेच्या बचावपटूने तो पायाने रेषेवरूनच बाहेर टोलवला. शिट्टी झाली.

"मॅडम, नियम मात्र फक्कड केलात," व्यवस्थापक म्हणाले.

ती उठली आणि पायऱ्या उतरून मैदानात गेली. छापखान्याची पोरं जिथे होती तिथेच आडवी झाली होती. कुलूप गोलच्या खांबाला टेकून बसला होता. ती कपड्यांची पर्वा न करता त्याच्या शेजारी गवतावर बसली.

"हरलो नाही ना आपण, ताई?" त्याने विचारलं.

"नाही. फक्त बाहेर गेलो."

"काका असते तर ओरडले असते. गोल सोडून गेलो म्हणून."

"आधी ओरडले असते," ती म्हणाली. "मग घरी येऊन आठवडाभर तेच सांगत बसले असते."

तो हसला आणि बुटाची नाडी सोडू लागला. गाठ पक्की होती. तो खाली बघत राहिला. ती समोरच्या जाळीकडे बघत होती, आणि ती बोलली ते कुलपाला उद्देशून नव्हतं.

"आपण," ती मोठ्याने म्हणाली. "आपण जिंकावं असं वाटत होतं, बाबा. दर वेळी."