फ्लेक्सवरची लेफ्टनंट

आपल्याकडं माणूस पास व्हायच्या आधी त्याचा फ्लेक्स लागतो, हे कुणी नव्यानं सांगायला नको. पोरगं पोलीस भरतीच्या मैदानावर नुसतं पळून आलं तरी चौकात 'भावी फौजदार' म्हणून त्याचा गॉगलवाला फोटो झळकतो. तेव्हा शिवांजलीनं सैन्यातल्या अधिकारीपदाची लेखी परीक्षा काढली, हे केरबातात्याला सकाळी आठला कळलं आणि संध्याकाळी पाचला स्टँडवर वीस फुटी फ्लेक्स उभा राहिला, यात नवल काही नव्हतं. वर तिचा कॉलेजच्या गॅदरिंगमधला फोटो, त्याला कॉम्प्युटरवर चिकटवलेली लष्करी टोपी आणि खाली हातभर अक्षरात : 'गावची पहिली लेफ्टनंट'.

केरबातात्या म्हणजे गावचा उपसरपंच. मनानं वाईट नाही माणूस, पण उत्साह असा की बारशाला बोलावलं तर लग्नाचा हॉल बुक करून येईल.

आता खरी गोष्ट अशी, की लेखी झाली म्हणजे काहीच झालं नव्हतं. पुढं भोपाळला पाच दिवसांची मुलाखत होती, आणि तिथून बहुतेक पोरापोरींना हात हलवत परत पाठवतात. शिवांजलीला हे पक्कं माहीत होतं. मिरवणुकीसाठी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवली तेव्हासुद्धा ती ओरडून सांगत होती, "आवं तात्या, आजून मुलाखत हाय!"

"मुलाखत म्हंजी निस्ती बोलाचाली," तात्या खालून ओरडला. "आगं, आपल्या गावाचं तोंड कुठं कमी हाय व्हय?"

हलगी सुरू झाली आणि पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही. शेजारी तिचा बाप, हवालदार नाथाजी, अठरा वर्षं पायदळात काढून आलेला, भगवा फेटा बांधून ताठ उभा होता आणि गप्प होता. शिपायाच्या भरतीची रीत वेगळी, अधिकाऱ्याची वेगळी, आप्पांना यातलं काय ठाऊक असणार, असं म्हणून शिवांजलीनं त्यांना तेव्हाच माफ करून टाकलं.

तिथून ती जी अडकली ती अडकलीच. दुकानदार मॅडम म्हणायला लागला. बालवाडीपासूनची मैत्रीण साक्षी, तीसुद्धा मॅडम म्हणायला लागली. शेजारची हरणाबाई तान्हं नातवंड घेऊन यायची आणि म्हणायची, "पाया पड रं, हापिसरीण हाय." इस्लामपूरच्या एका शाळेत शिक्षिकेची जागा निघाली, शिवांजलीनं फॉर्म आणला, तर आईनं, राहीबाईनं, कपाळावर हात मारला. "लेफ्टनंट पोरगी पोरं शिकवाय गेली तर लोकं श्यान घालतील तोंडात." फॉर्म कपाटात कागदाखाली गेला. मागं जायला वाट नाही, पुढं जायचं तर इंग्रजी पाहिजे, आणि हिचं सगळं शिक्षण मराठीतून. नापास होऊन परत आली तर या गावात तोंड कुठं दाखवायचं? चार महिने तिच्या डोक्यात दुसरा विचार नव्हता.

म्हणून सांगलीचा क्लास. आठवड्यातून तीन दिवस एसटीनं जायचं, विश्रामबागेत एका दवाखान्याच्या वरची खोली, आणि तिथं समीक्षा मॅडम. मॅडम कवठे महांकाळकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, मानसशास्त्र शिकलेल्या आणि तोंडानं फटकळ. त्यांची शिकवायची तऱ्हा जगाच्या उलटी. पाठांतर बंद. इंग्रजी शब्द निसर्गाचा असेल तर आपल्या रानात जाऊन शोधायचा, मनाचा असेल तर ओळखीच्या माणसात शोधायचा, आणि सापडेपर्यंत वहीत लिहायचा नाही.

"बॅरन म्हणजे उजाड, हे मला कुणी शिकवलं नाही," त्या म्हणायच्या. "माझा बाप बिराप्पा उन्हाळ्यात मेंढरं घेऊन पाण्यासाठी तुमच्या कृष्णाकाठाला यायचा. त्याच्या मागं राहिलेलं आमचं रान म्हणजे बॅरन. तुम्ही ऊसवाली माणसं, तुम्हाला तो शब्द उसना घ्यावा लागेल."

शिवांजलीला हे जाम आवडलं. ती वही घेऊन मळ्यात हिंडायला लागली. लश, म्हणजे हिरवंगार माजलेलं, हा तर ऊसच. ब्रिटल म्हणजे वाळलेलं पाचट, मुठीत धरलं की चुरा. स्टॅग्नंट म्हणजे पाटात साचून शेवाळ धरलेलं पाणी. मग माणसं. अ‍ॅप्रिहेन्सिव्ह, म्हणजे वाईट होणार म्हणून आधीच धास्तावलेली, ही आई. फोन वाजला की उचलायच्या आधी देवाला हात जोडणारी. कम्प्लेसंट, म्हणजे सगळं झकास चाललंय या समजुतीत सुस्त, हा केरबातात्या. आणि स्टॉइक, म्हणजे सुख असो दुःख असो, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवणारा. तिथं तिनं 'आप्पा' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

चार महिन्यांत चारशेवर शब्द झाले. पण एक पंचाईत झाली. आधी तिला नुसतं 'कसंतरी' व्हायचं. कसंतरी होतंय म्हटलं की चहा प्यायचा, विषय संपला. आता त्या कसंतरीला नाव मिळालं. क्लॉस्ट्रोफोबिया, म्हणजे बंद जागेत जीव घाबरा होणं. हा शब्द तिला उसाच्या पायवाटेवर सापडला. ऊस दोन पुरुष उंच झालेला, दोन्ही बाजूंनी पाती अंगाला कापत होती, वर बोटभर आभाळ. लहानपणापासून रोजची वाट ती. त्या दिवशी तिथं तिला श्वासच घेता येईना, आणि ती धावत बाहेर आली. नाव कळल्यावर दुखणं कमी होतं म्हणतात. हिचं वाढलं.

मुलाखतीत एक परीक्षा शब्दांची असते. पडद्यावर एकामागून एक साठ शब्द येतात. प्रत्येकाला पंधरा सेकंद. तेवढ्यात मनात पहिलं येईल ते वाक्य इंग्रजीत लिहायचं. मॅडमनी क्लासमध्ये तशीच परीक्षा घेतली आणि शिवांजलीचे कागद घेऊन तिला एकटीला थांबवून घेतलं.

"इंग्रजी झकास झालंय तुझं," त्या म्हणाल्या. "आता ऐक. जंगल या शब्दावर तू लिहिलंस, जंगलात वाट सापडत नाही. नदीवर लिहिलंस, नदीला मागं फिरता येत नाही. मैत्रीण शब्दावर, ती आता मला मॅडम म्हणते. साठातल्या एकेचाळीस वाक्यांत तू कुठंतरी कोंडलेली आहेस. आणि 'फादर' या शब्दापुढं नुसती रिकामी ओळ. बाई गं, तिथला मानसशास्त्रज्ञ तुझं इंग्रजी तपासत नाही. तू कोण आहेस ते तपासतो."

"मग मला चांगली वाक्यं द्या, मी पाठ करते."

"पाठ केलेलं पहिल्या दहा शब्दांत उघडं पडतं."

"मग करू काय मी?" शिवांजलीचा आवाज चढला.

"मी येऊन फ्लेक्स उतरवू का तुमचा?" मॅडमचाही चढला. मग त्या खुर्चीत टेकल्या. "ज्यानं कोंडलंय त्याला सांग. सांगितल्याशिवाय तुझ्या हातून दुसरं वाक्य उमटणार नाही."

एसटीत बसून तिनं सगळा रस्ता विचार केला. कोंडलंय कुणी? तात्यानं? हरणाबाईनं? गावातल्या एकाचंही तिला वाईट करायचं नव्हतं. सगळ्यांनी प्रेमानंच कडी लावली होती, आणि प्रेमानं लावलेल्या कडीवर ओरडायचं कसं, हे तिला कळेना.

दर रविवारी दुपारी घरी आप्पा तिची तीच परीक्षा घ्यायचे. सोप्यात सतरंजी, आप्पांच्या हातात घड्याळ, नाकावर चष्मा आणि आवाज कवायतीचा. इंग्रजी त्यांचं लष्करातलं, साहेबांच्या शिव्या आणि नोटीस बोर्डावरून उचललेलं, पण वाचता यायचं. त्या रविवारी सोळावा शब्द झाला आणि पंधरा सेकंद संपेस्तोवर ते सहज बोलून गेले, "घाबरून लिवू नगंस. घाबरल्याली पोरं पैल्याच दिशी वळखू येत्यात. निम्म्याच्यावर तर दुपारीच गाडीत घालून ठेसनावर सोडायचो आमी. बॅगा पायात घिऊन रडायची बिचारी."

शिवांजलीनं मान वर केली. "आमी म्हंजे? तुमी कवा सोडायचासा?"

"भोपाळला. त्या मुलाखतीच्या सेंटरवर दोन वर्सं ड्यूटी हुती. तू लहान हुतीस." त्यांनी घड्याळात बघितलं. "शब्द सतरा! फादर!"

पंधरा सेकंद म्हणजे केवढीशी गोष्ट. पण तेवढ्यात तिला ट्रॉली दिसली, फेटा दिसला, ती सुरकुती न हललेली मुद्रा दिसली. तिनं लिहिलं. पुढचे त्रेचाळीस शब्दही लिहिले. मग कागद बापापुढं ठेवला.

आप्पा बोट ठेवून वाचत खाली आले आणि सतराव्या ओळीवर थांबले. तिथं इंग्रजीत लिहिलं होतं : माझ्या बापाला ठाऊक होतं.

चष्मा काढून त्यांनी तो उगाच धोतराच्या सोग्याला पुसला.

"व्हय," ते म्हणाले. "ठाऊक हुतं."

"मग ट्रॉलीवर गप का बसलासा?"

"आठरा वर्सं मी सल्यूट मारलेत, शिवा. माझ्या धाकट्या भावाच्या वयाच्या पोरांस्नी. त्या दिशी सगळं गाव माझ्या पोरीला सल्यूट मारत हुतं. म्हटलं, अर्धा तास हू दे, मग सांगू. अर्ध्या तासात हार पडलं. मग म्हटलं, उद्या सांगू. उद्या उद्या करत चार म्हैनं झालं."

"तुमी अर्धा तास घेतलासा आप्पा, आन् मी चार म्हैनं कोंडून पडलीया!" ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा बापावर ओरडली. आतून राहीबाई धावत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

आप्पांनी चष्मा परत नाकावर चढवला. मग म्हणाले, "सकाळी डेअरीवर सगळी असत्यात. सांगतो. तू बी चल."

सकाळी सातला दूध डेअरीसमोर रांग होती. निम्मं गाव तिथंच. केरबातात्या कॅनवर बसून पेपर वाचत होता, हरणाबाई किटली घेऊन उभी होती, लष्करातनं नाईक म्हणून निवृत्त झालेला म्हातारा कोंडीबा ओट्यावर बसला होता. आप्पांनी कॅन खाली ठेवला, टाचा जुळवल्या आणि कवायतीच्या आवाजात बोलले.

"सगळ्यांनी ऐका. आमची शिवांजली लेफ्टनंट न्हाई. निस्ती लेखी पास झालीया. मुलाखत व्हायची हाय, आन् त्यात ती पडंल बी. मला हे पैल्या दिसापास्नं ठाऊक हुतं आन् मी गप बसलो. चूक माझी हाय, पोरीची न्हाई."

फॅट मोजायच्या मशीनची तेवढी टुकटुक ऐकू येत होती. झालं, सुटलो, असं शिवांजलीला खरोखर वाटलं. आता हसतील, नावं ठेवतील, ठेवू देत की!

तेवढ्यात केरबातात्यानं पेपर खाली टाकून टाळी वाजवली.

"बगा रं, बगा! ह्याला म्हंत्यात मिलिट्री! आरं, आमी गिरामपंचायतीत निवडून आलो तर म्हैनाभर नाचतो. आन् ह्यो मानूस पोरगी हापिसर झाली तरी म्हंतोय, न्हाई झाली!"

"तात्या, खरंच न्हाई झाली," शिवांजली कळवळून म्हणाली.

"कळलं, कळलं." तात्यानं डोळा मिचकावला आणि आवाज खाली आणला. "वरनं आर्डर आसंल, सांगू नगा म्हनून. पाकिस्तानची मानसं ऐकत आसत्यात आता मोबाईलवर."

"आगं बाई," हरणाबाईनं तोंडावर हात ठेवला. "मी कुनाला न्हाई सांगायची. नातवाची शप्पत!"

आप्पांनी परत तोंड उघडलं. पण कोंडीबा म्हातारा ओट्यावरून उठला होता. गुडघे कुरकुरत होते तरी तो पुढं आला, डोक्यावरची टोपी नीट केली आणि आप्पांसमोर कडक उभा राहून त्यानं सल्यूट ठोकला.

"जय हिंद, हवालदारसाब!"

आणि आप्पांचा हात वर गेला. अठरा वर्षांची सवय ती, डोक्याला विचारून थोडीच उठते. पाच बोटं जुळलेली, तळवा ताठ, कोपर जिथल्या तिथं. डेअरीसमोर टाळ्यांचा कडकडाट झाला. हात वर आहे हे आप्पांच्या ध्यानात आलं तोवर लेक लेफ्टनंट झाल्यावर गावाचं शिक्कामोर्तब होऊन गेलं होतं. त्यांनी तो हळूहळू खाली आणला आणि लेकीकडं बघितलं. त्यांचा खालचा ओठ थरथरत होता.

शिवांजलीला वाटलं होतं, बापाचा संताप येईल. आला नाही. चार महिने ती समजत होती की आपण एकटीच आत आहोत. हा माणूस तिच्या कितीतरी आधीपासून आत होता आणि तिथनं बाहेर कसं पडायचं, हे त्यालाही माहीत नव्हतं. तिला रडू फुटलं. हरणाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आनंदाचं हाय गं बाई, यिऊ दे."

दूध घालून झाल्यावर तिनं आप्पांच्या हातातला रिकामा कॅन घेतला. दोघं उसाच्या वाटेनं घराकडं निघाले, ती पुढं, ते मागं. अर्ध्या वाटेवर ती थांबली, एक लांब श्वास घेतला आणि परत चालू लागली. मिरजेहून भोपाळची गाडी अकरा दिवसांनी होती.