पहिली शिंपली

मेरेआनानं संत्र्याची फोड न चावताच गिळून टाकली. बाकीचा वर्ग डोळे मिटून, तोंडात फोड घोळवत रानात बसला होता. जोनबाईंचा हुकूमच होता तसा: एक फोड, एक मिनिट, दुसरा विचार नाही. शाळेचा ‘आनंदाचा आठवडा’ चालू होता. सोमवारी टेकडी झाली, आज रान, शुक्रवारी समुद्र.

“बाई, हिनं बगळ्यासारखी गिळली!” रावीरीनं चुगली केली.

“तू डोळे कशाला उघडलेस मग?” बाईंनी विचारलं.

सगळे हसले. बाई मेरेआनाशेजारी येऊन टेकल्या. “बाळा, मन आत्ता कुठे आहे?”

“इथंच.”

साफ खोटं! तिचं मन दोन महिन्यांपूर्वीच्या रविवारात रुतून बसलं होतं. रोजच्या आनंदाच्या तीन गोष्टी लिहायची वही दिली होती बाईंनी. तिची वही कोरी होती.

त्या रविवारी ती आणि तिचा मोठा भाऊ ताफाई शिंपल्या काढायला गेले होते. पहिली शिंपली समुद्राची, ती पाण्यात परत सोडायची, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण नेमकी पहिलीच कशी टपोरी निघाली!

“दे ना रे मला,” ती म्हणाली होती.

ताफाईनं इकडंतिकडं बघितलं, शिंपली दगडावर फोडली आणि तिला भरवली. “आजोबांना सांगितलंस तर याद राख.”

तासाभरानं पाण्याच्या ओढीनं त्याला आत नेलं. तिसऱ्या दिवशी तो सापडला. गावातले वडीलधारे म्हणून आजोबांनी समुद्रावर राहुई, म्हणजे बंदी, घातली होती. कोणी बुडालं की घालतातच; ती उठेपर्यंत पोहायचं नाही, पाण्यातलं काही खायचं नाही. दोन महिने अख्खं गाव कोंबडी खात होतं. कुणी चकार शब्द काढला नाही.

शुक्रवारी उजाडता उजाडता वर्ग किनाऱ्यावर उभा राहिला. आजोबांनी काठी वाळूत टेकवून प्रार्थना म्हटली. राहुई उठली.

“ये गं पोरी,” ते म्हणाले. “पहिली तू काढ.”

मेरेआना घोटाभर पाण्यात गेली आणि टाचा वाळूत फिरवू लागली. टाचेला कडक काही लागलं. तिनं वाकून शिंपली उचलली, मूठ मिटली, आणि मूठ काही केल्या उघडेना.

आजोबा पाण्यात तिच्याजवळ आले. “सोड की गं.”

“आजोबा, त्या दिवशीची पहिली मी खाल्ली.” तिला हुंदका आवरेना. “मीच मागितली. त्यानं नको म्हणायला हवं होतं, पण मीच हट्ट केला. म्हणून समुद्रानं त्याला...”

आजोबांनी तिची मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली.

“त्यानं भरवली?”

“हो.”

“कशी लागली?”

तिनं नाक पुसलं. “गोड.”

“हं.” आजोबांनी समुद्राकडं बघितलं. “मी आठ वर्षांचा असल्यापासून पहिली शिंपली चोरून खातोय. कितीदा तरी. तुझ्या आजीलाही चारल्यात. समुद्र त्यापायी माणसं नेत असता, तर मला नेलं नसतं का? मी केव्हाचा इथंच उभा आहे ना गं!”

शेवटचे शब्द फुटलेच नाहीत नीट. दोन महिन्यांत एकदाही न रडलेला तो म्हातारा वर्गासमोर, घोटाभर पाण्यात हमसून हमसून रडला. मेरेआनानं त्यांच्या कोटाला डोकं टेकलं. मूठ कधी सुटली, तिला कळलंही नाही.

परतताना बसमध्ये तिनं वही उघडली. पहिल्या ओळीत लिहिलं: ताफाईनं भरवलेली शिंपली गोड होती.

दुसरी आणि तिसरी ओळ तिनं कोरीच ठेवली.